चढाला सायकल घेताय? गिअर नका मोजू, दाते मोजा

माण (ता. मुळशी) : हिंजवडी-माण भागात गिअरच्या सायकली आता बऱ्याच दिसतात. पण नुसतं '२१ गिअर' वाचून घेतलेली सायकल पिरंगुट घाटात दम काढते आणि मग पडवीत धूळ खात पडते. पैसे वाया जायला नकोत, म्हणून घेण्याआधी एवढं बघा.

दाते : भरलेली ट्रॉली चढावर न्यायला ट्रॅक्टर लो गिअरलाच टाकावा लागतो. सायकलचंही तसंच. पायडलजवळची सगळ्यात लहान चकती आणि मागच्या चाकाची सगळ्यात मोठी चकती, दोन्हींचे दाते मोजा. पुढच्या आकड्याला मागच्याने भागा. उत्तर जितकं लहान, तितका चढ हलका. पुढे २४, मागे २८ असतील तर ०.८६ येतं. पुढे एकच ३२ ची, पण मागे ४६ ची असेल तर ०.७०. म्हणजे गिअर कमी असूनही दुसरी सायकल जास्त सोपी चढते.

शॉकअप : मागेही शॉकअप असलेली स्वस्त सायकल टाळा. ती जड असते, शिवाय पायाचा जोर स्प्रिंगच खाते.

माप : पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा, एवढी सीट वर घेता आली पाहिजे.

पैसे देण्याआधी जवळच्या चढावर एक चक्कर माराच. गिअर मात्र चढ लागायच्या आधी हलका करा. जोर लावून बदलला तर चेन उतरू शकते.