लाइन आली का?

‘लाइन’ म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? डेडलाइन? हेल्पलाइन? की कॅन्टीनमध्ये कुणीतरी कुणावर मारलेली लाइन? पण बॉस, वाशीम जिल्ह्यात हा शब्द आधी विजेचा आहे. ‘लाइन गेली’, ‘लाइन कवा येईन गा?’ आणि खांबावर चढतो तो लाइनमन!

मजा म्हणजे या शब्दाचं मूळ शेतातच आहे. लॅटिनमध्ये ‘लिनिया’ म्हणजे जवसाच्या झाडाच्या तंतूंचा दोरा. तुमचा महागडा लिननचा शर्ट त्याच घराण्यातला, आणि जवसाची चटणीसुद्धा!

वाशीमकरांनी मात्र या दोऱ्यात बरंच काही ओवलंय. बारावीनंतर ‘कोणती लाइन घेतली?’ म्हणजे करिअर. बिघडलेलं पोरगं सुधारलं की ‘लाइनवर आलं’. रेल्वेचीही लाइनच. पूर्णा-अकोला लाइन 2008 मध्ये ब्रॉडगेज झाली. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ नॅरोगेज, म्हणजे सगळ्यांची लाडकी ‘शकुंतला’, मात्र आता धावत नाही.

पण सगळ्यात महागात पडते ती शेतातली लाइन. मोटरपंपाला थ्री-फेज लागते आणि ती चोवीस तास नसते. वर्षानुवर्षं काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. हरभरा, गहू ऐन थंडीतले. म्हणजे आपण रजईत शिरतो तेव्हा गावाकडे कुणीतरी टॉर्च घेऊन ओलिताला निघतं. अंधारात स्प्रिंकलरचे पाइप बदलायचे, पायाखाली साप, हाताखाली ओली मोटर. आणि मध्येच लाइन गेली, तर बांधावर बसून वाट बघायची. नाइट शिफ्टच म्हणा ना! फक्त पिकअप कॅब नाही, अलाउन्स नाही.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, 2023 मध्ये तिचं 2.0 आलं. सरकारी कागदावर ‘वाहिनी’, गावात ती ‘सोलरची लाइन’. नाव काहीही असो, ती पोचली की एका घराला रात्रीची झोप मिळते.

तेव्हा पुढच्या वेळी घरी फोन लावाल, तर ‘जेवलात का?’च्या जोडीला आणखी एक विचारा: ‘बाबा, या आठवड्यात लाइन दिवसाची की रात्रीची?’ उत्तर ‘रात्रीची’ आलं, तर सकाळी लवकर फोन करू नका. झोपू द्या त्यांना.