कानात उमटणारी नाडी

रात्री सारे घर निजले, रस्त्यावरील वर्दळ थांबली आणि दिवा मालवून उशीवर डोके टेकले, की काही माणसांच्या कानात एक आवाज सुरू होतो. लोहाराचा भाता चालावा तसा तो फुसफुसत येतो, ओसरतो आणि पुन्हा येतो. कोणाला तो लांबून जाणाऱ्या आगगाडीसारखा वाटतो, तर कोणाला भिंतीपलीकडे कोणी मंदपणे ठोकीत असल्यासारखा. शेजारी निजलेल्या माणसास विचारावे, तर त्याला काहीच ऐकू येत नसते. ‘भास असेल, झोप लागली की जाईल,’ असे म्हणून तो कूस बदलतो. हृदयाचे ठोके मिनिटाला ७० धरले, तरी दिवसाचे एक लाखाच्या वर होतात. त्यांतील प्रत्येक ठोका कानाशी येऊन वाजणे म्हणजे काय, हे ज्याला तो ऐकू येत नाही त्याला सांगून पटविणे कठीण असते.

कानात आवाज येण्याची तक्रार फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ विकार सांगितले असून त्यांत कर्णनादाला स्वतंत्र स्थान आहे. परंतु नेहमीचा कर्णनाद वेगळा आणि येथे अभिप्रेत असलेला आवाज वेगळा. नेहमीच्या कर्णनादात रातकिड्यांसारखी किंवा शिट्टीसारखी अखंड किणकिण असते. तिचे मूळ बहुधा आंतरकर्णात व श्रवणाच्या मज्जातंतूंत असते आणि बाहेर प्रत्यक्ष ध्वनी असा काही नसतो. दुसऱ्या प्रकारात आवाजाला लय असते, आणि ती लय नाडीची असते. मनगटावर तीन बोटे ठेवून आवाज व नाडी बरोबर पडतात की नाही हे कोणासही पाहता येते. जिना चढल्यावर ठोके वाढले आणि त्यांबरोबर आवाजही भरभर होऊ लागला, तर शंका उरत नाही. हा भास नव्हे. शरीरात खरोखरीच ध्वनी निर्माण होत असतो व कान तो इमानाने ऐकत असतो.

तो कोठून येतो हे समजण्यास कानाची जागा पाहिली पाहिजे. कानामागील शंखास्थीचा आतला भाग मानवी शरीरातील अत्यंत कठीण हाडांपैकी एक होय. त्याच हाडातील बोगद्यातून मेंदूकडे शुद्ध रक्त नेणारी मोठी रोहिणी वळण घेत जाते आणि मध्यकर्णापासून तिला वेगळे करणारा पडदा म्हणजे हाडाचा एक पातळ पापुद्रा. मध्यकर्णाच्या तळाखाली मानेत उतरणाऱ्या मोठ्या नीलेचा फुगीर भाग असतो. कानामागे, कवटीच्या आतल्या अंगाला, मेंदूतील अशुद्ध रक्त परत आणणारा पाट असतो. मिनिटाला सुमारे पाऊण लिटर रक्त मेंदूकडे जाते व तितकेच परत येते. इतका मोठा ओघ ज्याच्या भिंतीला लागून वाहतो, त्या कानाला तो एरवी ऐकू येत नाही, हेच खरे आश्चर्य!

त्याचे कारण ओघाच्या स्वभावात आहे. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८३ साली काचेच्या नळीतील पाण्यात रंगाची धार सोडून दाखविले, की वेग कमी असता धार सरळ रेषेत जाते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की ती विस्कटते व पाण्यात भोवरे उठतात. संथ प्रवाह मुका असतो, खळाळणारा बोलतो. रक्ताचेही तसेच. वाहिनी कोठे अरुंद झाली, तिची भिंत फुगली किंवा रक्ताचा वेग वाढला, की खळखळ सुरू होते.

(ओघात सांगावयाचे तर, कोकणात व गोव्यात मुले शंख कानाला लावून ऐकतात ती गाज आपल्या रक्ताची असते, ही समजूत खरी नाही. शंख भोवतालचाच गलबला घुमवून परत देतो. अगदी निःशब्द खोलीत तोही गप्प बसतो.)

कित्येकदा कारण साधे निघते. कानात मळ दाटला किंवा पडद्यामागे पाणी साचले, की बाहेरचे आवाज क्षीण होतात आणि आतला आवाज उघडा पडतो. रक्तक्षयात रक्त पातळ होऊन वेगाने धावते. त्यामुळेही असा नाद उठतो. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, हे लक्षात घेता हीमोग्लोबिनची तपासणी आधी करणे शहाणपणाचे ठरते. गर्भारपण, गळ्यातील थायरॉइड ग्रंथीचा अतिरेक व वाढलेला रक्तदाब हीही कारणे आहेत. मूळ दुखणे आवरले की आवाज बहुधा निवतो.

परंतु काही कारणे डोळ्याआड करण्याजोगी नसतात. विशेषतः तरुण व स्थूल स्त्रियांत कवटीतील द्रवाचा दाब काही उघड कारणावाचून वाढतो. कानात भाता चालणे, डोके दुखणे, वाकून उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येणे, अशी त्याची चिन्हे असतात. जीवनसत्त्व ‘अ’ च्या बेसुमार गोळ्या किंवा मुरुमांवर दिली जाणारी टेट्रासायक्लीनसारखी औषधेही हा दाब वाढवू शकतात. तो तसाच राहिला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून कानाच्या तक्रारीसाठी आलेल्या रोग्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठविले, तर त्याने रागावू नये. १८५१ साली हेल्महोल्ट्झने शोधलेल्या नेत्रदर्शक यंत्राने डोळ्याच्या आतील मज्जातंतूची सूज दिसते, आणि दुखण्याचे नाव तेथे सापडते. वजन उतरविणे, दाब कमी करणारी औषधे, आणि काहींच्या बाबतीत अरुंद झालेल्या नीलेत जाळीची नळी बसविणे, हे त्यावरील उपाय होत.

क्वचित मेंदूच्या आवरणात रोहिणी व नीला यांचा आडवाटेने संबंध जुळतो. त्याच्या काही प्रकारांत मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. मांडीच्या सांध्यातून बारीक नळी वर नेऊन ती आडवाट बुजविता येते. आवाज एकाएकी सुरू झाला आणि त्याबरोबर मानेत कळ, पापणी खाली येणे, तोंड वाकडे होणे किंवा हातापायांतील बळ जाणे यांपैकी काही दिसले, तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

नीलेतून येणारा आवाज त्याच बाजूला मान वळविली वा गळ्यावर हलके बोट टेकले की पुष्कळदा थांबतो. डॉक्टर ही खूण स्वतः पाहतात. घरी मात्र मान दाबण्याचे प्रयोग करू नयेत. वृद्धांत ते अपायकारक ठरू शकतात.

लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि तीतून पुढे स्टेथास्कोप जन्मास आला. तेच साधन कानामागे, मानेवर व डोळ्यावर ठेवले असता कधीकधी रोग्याचा आवाज डॉक्टरांनाही ऐकू येतो. महिनोन्‌महिने ‘मनाचे खेळ’ हे शब्द ऐकत आलेल्या माणसाला ‘होय, येतो आहे,’ हे दोन शब्द औषधाच्या आधी मिळतात. परंतु डॉक्टरांना ऐकू आला नाही म्हणून आवाज खोटा ठरत नाही. श्रवणाची तपासणी निर्दोष निघाली म्हणूनही नाही. रक्तवाहिन्या दाखविणारे सी. टी. व एम. आर. आय. चित्रण हाच पुढील मार्ग होय.

सर्व तपासण्या होऊनही काहींच्या बाबतीत कारण हाती लागत नाही. अशा माणसास घातक असे काही नाही एवढा दिलासा मिळतो, पण रात्र तीच राहते. तेव्हा खोलीत पूर्ण शांतता ठेवू नये. पंख्याची घरघर किंवा हळू लावलेला रेडिओ आतल्या आवाजाची धार बोथट करतो. उशी थोडी उंच घ्यावी; ज्या कुशीवर आवाज कमी होतो ती कूस धरावी. आवाज केव्हा वाढतो, मान वळविल्याने बदलतो का, डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, हे एका वहीत तारखेसह टिपून ठेवावे आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. घरच्यांनीही निदान एकदा उठून बसावे, त्याच्या मनगटावर बोटे ठेवावीत आणि त्याला आवाजाची लय तोंडाने सांगावयास लावावी.