आजोबांच्या रेडिओतला पहारेकरी

एकदा माझ्या वर्गातला, चौथीतला एक मुलगा छातीशी पिशवी धरून शाळेत आला. चेहरा अगदी रडवेला! पिशवीत होता त्याच्या आजोबांचा जुना रेडिओ. आजोबा त्याला नेहमी ‘ट्रान्झिस्टर’ म्हणायचे.

“बाई, ट्रान्झिस्टरमध्ये ट्रान्झिस्टर कुठे असतो ते बघायला मी हा उघडला. आता तो बोलतच नाही. आजोबांना अजून ठाऊक नाही.”

मधल्या सुट्टीत आम्ही रेडिओ उघडला. आतल्या पट्टीवर हरभऱ्याएवढे, तीन पायांचे काळे तुकडे दिसले. “हे बघ, खरे ट्रान्झिस्टर हे!” मी म्हणाले. पूर्वी रेडिओत काचेचे व्हॉल्व्ह असत. ते तापेपर्यंत थांबावं लागे आणि वीजही खूप लागे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. त्या दोघांना आणि विल्यम शॉकली यांना १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळालं. १९५४ मध्ये चार ट्रान्झिस्टरांचा, खिशात मावणारा रेडिओ बाजारात आला. लोक त्याला ‘ट्रान्झिस्टर रेडिओ’ म्हणू लागले. पुढे ‘रेडिओ’ गळला आणि आतल्या तुकड्याचं नाव पेटीलाच चिकटलं!

पण हा तुकडा करतो तरी काय? तांब्याच्या तारेतून वीज सहज जाते, प्लॅस्टिकमधून जात नाही. सिलिकॉन या दोघांच्या मधला, म्हणून तो अर्धवाहक. सिलिकॉनच्या अणूच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात. त्यात पाच इलेक्ट्रॉनवाल्या फॉस्फरसचा किंचित अंश मिसळला, की एकेक इलेक्ट्रॉन जास्तीचा उरतो. हा झाला एन प्रकार. तीन इलेक्ट्रॉनवाला बोरॉन मिसळला, तर एकेक जागा रिकामी राहते. हा पी प्रकार. बाकावर एक जागा रिकामी असली आणि प्रत्येक जण एकेक जागा सरकला, तर रिकामी जागा उलट्या दिशेनं सरकते ना? तसंच इथंही घडतं.

आता दोन भाकऱ्यांमध्ये चटणीचा पातळ थर असावा, तसे एन, पी, एन थर जोडा. झाला ट्रान्झिस्टर! एका टोकाच्या पायाला एमिटर म्हणतात, दुसऱ्या टोकाच्या पायाला कलेक्टर आणि मधल्या पातळ थराला बेस. बेस म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याला काहीच दिलं नाही, तर तो दार बंद ठेवतो. सुमारे ०.७ व्होल्ट देऊन त्याच्यातून थोडीशी वीज सोडली, की एमिटरमधले इलेक्ट्रॉन आत घुसतात. थर इतका पातळ, की फारच थोडे तिथं अडकतात. बाकीचे थेट कलेक्टरमध्ये! बेसमधून एक इलेक्ट्रॉन गेला, तर कलेक्टरकडे शंभराहून जास्त जातात.

एक लक्षात ठेवा. ट्रान्झिस्टर वीज तयार करत नाही. मोठा प्रवाह बॅटरीतूनच येतो. छोटा प्रवाह फक्त दार किती उघडायचं ते ठरवतो. रेडिओला हवेतून मिळणारा संदेश फार क्षीण असतो. तो एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना मोठा होत होत शेवटी स्पीकर हलवतो. दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद ठेवलं, तर तोच ट्रान्झिस्टर बटणाचं काम करतो. उघडं म्हणजे १, बंद म्हणजे ०. कॉम्प्युटरची सारी गणितं यावरच चालतात. आजच्या चांगल्या मोबाइलच्या नखाएवढ्या चिपवर हजार कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर असतात!

करून पाहा

साहित्य : बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक एलईडी, ४७० ओहम आणि १० हजार ओहमचे रोधक, ९ व्होल्टची बॅटरी, तारा.

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे पाय येतील. बॅटरीच्या अधिक टोकापासून ४७० ओहमचा रोधक, त्याला एलईडीचा लांब पाय, आखूड पाय कलेक्टरला. एमिटर बॅटरीच्या उणे टोकाला. बेसला १० हजार ओहमचा रोधक लावून त्याची तार मोकळी सोडा. दुसरी मोकळी तार अधिक टोकाला जोडा. आता या दोन मोकळ्या टोकांवर ओलं बोट ठेवा. दिवा लागेल! तुमच्या बोटातून जाणारी वीज इतकी थोडी, की ती जाणवतही नाही. पण पहारेकऱ्याला ती पुरते. मात्र हा प्रयोग बॅटरीवरच करायचा. घरातल्या विजेच्या प्लगला तार लावायची नाही म्हणजे नाही!

आणि तो रेडिओ? सेलमधून पाणी सुटून एक तार गंजली होती. रेडिओ उघडताना ती तुटली, एवढंच. “जोडून देते, पण आधी आजोबांना खरं सांग,” मी म्हणाले. शाळा सुटल्यावर तो आजोबांनाच घेऊन आला. तार सोल्डरनं बसवली आणि रेडिओ बोलू लागला. आजोबा रागावले नाहीत. उलट आमच्या प्रयोगाच्या तारांवर त्यांनीही बोट ठेवलं. शेतात राबून राठ झालेलं ते बोट. दिवा काही लागेना.

“आजोबा, बोट ओलं करा!” नातू ओरडला.

आजोबांनी बोट ओलं केलं आणि लाल दिवा झळकला. “अरेच्चा! म्हणजे ट्रान्झिस्टर हा होय?” असं म्हणून त्यांनी तो इवलासा तुकडा डोळ्यांजवळ नेला आणि कितीतरी वेळ निरखून पाहिला.