विक्रीनंतरचे दुकान : इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या किरकोळ विक्रीतील ग्राहकसेवेची मानके

प्रस्तावना :

दूरचित्रवाणी संच, शीतकपाट, मोबाईल, लॅपटॉप या वस्तू आज मध्यमवर्गीयच नव्हे, तर श्रमिक कुटुंबांच्याही गरजेच्या झाल्या आहेत. धान्य किंवा कापड यांच्या खरेदीत ग्राहक वस्तू हातात घेऊन पारखू शकतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूचे तसे नाही. तिचे खरे स्वरूप ती घरी नेऊन काही दिवस वापरल्यावरच कळते. त्यामुळे या व्यवसायातील ग्राहकसेवेचा विचार बिल फाडण्यापर्यंत थांबू शकत नाही; तो खऱ्या अर्थाने तेथून सुरू होतो.

या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका साध्या घटनेने वेधले. तृतीय वर्ष वाणिज्य शाखेतील एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीची रक्कम आणि शेतमजुरी करणाऱ्या वडिलांची बचत एकत्र करून तालुक्याच्या ठिकाणी लॅपटॉप घेतला. चौथ्या दिवशी त्याच्या कळफलकावरील निम्म्या कळा चालेनाशा झाल्या. दुकानात गेल्यावर त्याला जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्व्हिस सेंटरला जाण्यास सांगण्यात आले. अंतर बहात्तर किलोमीटर. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीस वडिलांची एका दिवसाची मजुरी खर्ची पडली. शेवटी दुकानदाराने बिलाच्या तळाशी छापलेल्या ओळीवर बोट ठेवले : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ विद्यार्थी ते बिल घेऊन विभागात आला. गेली आठ वर्षे ‘ग्राहक संरक्षण’ हा घटक शिकवणाऱ्या प्रस्तुत लेखकाने आपल्या घरातील एकाही बिलाचा तळ तोपर्यंत वाचला नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे.

उद्दिष्टे :

१) किरकोळ विक्रीतील सेवागुणवत्तेच्या मोजमापाची शास्त्रीय चौकट समजावून घेणे.
२) इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानातील प्रत्यक्ष व्यवहार त्या चौकटीत तपासणे.
३) विक्रेत्यावरील कायदेशीर जबाबदारीचे स्वरूप स्पष्ट करणे.
४) दुकानांसाठी व महाविद्यालयांसाठी काही व्यवहार्य सूचना मांडणे.

प्रस्तुत लेख कायद्यातील तरतुदी, सेवागुणवत्तेचे सिद्धांत आणि लेखकाचे निरीक्षण यांवर आधारित आहे.

बाजारपेठेचे बदलते स्वरूप :

महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजाराची ओळख दीर्घकाळ मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली अशा पेठांशी जोडलेली होती. तेथे विश्वास दुकानदाराच्या शब्दावर असे. १९६७ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या विजय सेल्ससारख्या दुकानांचा पुढे साखळीत विस्तार झाला. २००६ मध्ये टाटा समूहाच्या क्रोमाचे पहिले दालन मुंबईत उघडले आणि संघटित विक्रीला वेग आला. त्यानंतर ऑनलाईन विक्रीची भर पडली. वातानुकूलित दालन, वस्तू हाताळून पाहण्याची सोय, गणवेशातील विक्री प्रतिनिधी, हप्त्यांची सुविधा या गोष्टी रूढ झाल्या. तालुक्याच्या दुकानांनीही त्यांचे अनुकरण केले. तथापि, अनुकरण झाले ते प्रामुख्याने विक्रीपूर्व सेवेचे.

सेवागुणवत्ता मोजण्याची चौकट :

पारसुरामन, झाइथमल आणि बेरी या अभ्यासकांनी १९८५ मध्ये असे प्रतिपादन केले की, सेवेची गुणवत्ता म्हणजे ग्राहकाची अपेक्षा आणि त्यास आलेला प्रत्यक्ष अनुभव यांतील अंतर होय. १९८८ मध्ये त्यांनी ‘सर्व्हक्वाल’ ही २२ विधानांची मापनश्रेणी मांडली. मात्र दुकानात सेवा आणि वस्तू दोन्ही एकत्र विकल्या जातात, हे लक्षात घेऊन डाभोळकर, थॉर्प आणि रेंट्झ यांनी १९९६ मध्ये किरकोळ विक्रीसाठी २८ विधानांची स्वतंत्र श्रेणी तयार केली. तिचे पाच घटक असे : भौतिक बाबी, विश्वासार्हता, व्यक्तिगत संवाद, समस्या-निराकरण आणि धोरण.

या पाच घटकांच्या आधारे आपल्याकडील दुकानांकडे पाहिल्यास पुढील चित्र दिसते.

अ) भौतिक बाबी : मांडणी, प्रकाश, बसण्याची सोय यांत लक्षणीय सुधारणा झाली आहे.

आ) विश्वासार्हता : वस्तू ठरल्या दिवशी घरी पोहोचणे, ती बसवून देणारा माणूस वेळेवर येणे, पक्के बिल मिळणे या गोष्टी येथे येतात. पक्के बिल मागितल्यास ‘मग जीएसटी वेगळा लागेल’ असे उत्तर अजूनही ऐकू येते. वस्तुतः वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसहित असते. तिच्यावर वेगळा कर आकारता येत नाही. बिल न देणे ही तर कायद्यानेच अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे.

इ) व्यक्तिगत संवाद : विक्री प्रतिनिधी अदबीने बोलतो, माहितीही देतो. परंतु काउंटरवर उभा असलेला तरुण पुष्कळदा दुकानाचा नोकर नसून एखाद्या उत्पादक कंपनीने नेमलेला ‘प्रमोटर’ असतो. त्याचे उत्पन्न त्या कंपनीच्या विक्रीशी निगडित असते. ग्राहक मात्र त्याचा सल्ला दुकानाचा तटस्थ सल्ला समजून स्वीकारतो. या तरुणांपैकी अनेक जण आपलेच माजी विद्यार्थी आहेत, ही बाब अध्यापकांनी दुर्लक्षू नये.

ई) समस्या-निराकरण : तक्रार आल्यावर तिची नोंद करणे, पोच देणे, मुदत सांगणे या किमान गोष्टीही अनेक ठिकाणी होत नाहीत. ‘कंपनीला फोन करा’ हे उत्तर ठरलेले असते.

उ) धोरण : परतीचे, बदलून देण्याचे व दुरुस्तीचे लेखी धोरण क्वचितच आढळते. आढळते ती बिलाच्या तळाची एक ओळ.

म्हणजेच पहिल्या तीन घटकांत कमीअधिक प्रगती झाली असून शेवटचे दोन घटक दुर्बल राहिले आहेत. हे दोन्ही घटक विक्रीनंतरचे आहेत, हा योगायोग नव्हे. विक्रीपूर्व सेवेचा मोबदला दुकानदारास लगेच मिळतो, तर विक्रीनंतरची सेवा त्यास केवळ खर्च वाटते.

कायद्याने घालून दिलेले किमान मानक :

ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ची जागा २०१९ च्या अधिनियमाने घेतली. नव्या अधिनियमातील बहुतेक तरतुदी २० जुलै २०२० पासून अमलात आल्या. त्यातील कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची व्याख्या आहे. सदोष वस्तू परत घेण्यास आणि तिची रक्कम परत करण्यास बिलात नमूद केलेल्या मुदतीत, व तशी मुदत नमूद नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सबब, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ सदोष वस्तूच्या बाबतीत विक्रेत्याचे संरक्षण करू शकत नाही.

येथे दोन मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. एक म्हणजे, ही तरतूद सदोष वस्तूसाठी आहे. रंग आवडला नाही, दुसरीकडे स्वस्त मिळाले, अशा कारणांसाठी वस्तू परत करण्याचा सर्वसाधारण हक्क तीतून मिळत नाही. अशा वेळी दुकानाचे धोरणच लागू होते. दुसरे असे की, प्रत्येक दोषासाठी नवी वस्तू मिळेलच असे नाही. दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे, नुकसानभरपाई देणे यांपैकी कोणता आदेश द्यावयाचा, हे जिल्हा आयोग प्रकरण पाहून ठरवितो.

दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. वरील घटनेतील दुकानदाराचे म्हणणे असे होते : “सर, वितरक माझ्याकडून माल परत घेत नाही, मग मी कुठून घेऊ?” लहान दुकानदाराचे भांडवल तुटपुंजे असते. सर्व्हिस सेंटरने वस्तू मुळातच नादुरुस्त असल्याचा दाखला दिल्याशिवाय कंपनी ती बदलून देत नाही आणि त्यासही ठरावीक दिवसांची मुदत असते. ही अडचण खरी आहे. परंतु विक्रेता व वितरक यांच्यातील करारास ग्राहक पक्षकार नसतो. ग्राहकाने पैसे दुकानदारास दिले आहेत, बिलही त्याचेच आहे. त्यामुळे वितरकाकडील अडचणीचा भार ग्राहकाच्या खांद्यावर टाकता येत नाही.

वॉरंटी, वाढीव वॉरंटी आणि हप्ते :

उत्पादकाची वॉरंटी हे उत्पादकाने दिलेले वचन आहे. ‘वाढीव वॉरंटी’ ही मात्र स्वतंत्र सेवा असून ती पुष्कळदा तिसऱ्याच संस्थेमार्फत पुरविली जाते. ती घेताना सेवा कोण देणार, कोणते भाग वगळले आहेत आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजली जाणार, हे तीन प्रश्न ग्राहकाने विचारले पाहिजेत. किंबहुना, ग्राहकाने विचारण्याआधीच विक्रेत्याने ही माहिती दिली पाहिजे. महत्त्वाची माहिती हेतुपुरस्सर दडवून ठेवणे हीदेखील २०१९ च्या अधिनियमात सेवेतील त्रुटी मानली आहे.

हप्त्यांच्या खरेदीबाबतही असेच म्हणता येईल. ‘शून्य टक्के व्याज’ ही कल्पना वस्तुतः अस्तित्वात नसते आणि व्याजाचा भाग प्रक्रिया शुल्कात दडविलेला असतो, याकडे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांचे लक्ष वेधले होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदारास समजेल अशा भाषेत मुख्य तथ्यपत्रक देणे आणि त्यात वार्षिक एकूण दर दाखविणे बंधनकारक आहे. सात दिवस वा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जाबाबत विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस देण्याचीही त्यात तरतूद आहे. दुकानातील फायनान्सच्या टेबलावर दहा मिनिटांत मोबाईलच्या पडद्यावर संमती देणाऱ्या ग्राहकास ही गोष्ट कोणी सांगत नाही.

तक्रार निवारणाची वाट :

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ हा आहे. तेथे तोडगा न निघाल्यास जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगापुढे चालते. ५ लाख रुपयांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते, ही २०१९ च्या अधिनियमाने दिलेली मोठी सोय होय. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू घेणारा, उदाहरणार्थ झेरॉक्सच्या टपरीसाठी प्रिंटर घेणारा तरुण, हाही कायद्याच्या दृष्टीने ग्राहकच आहे.

उपरोक्त विद्यार्थ्याचे प्रकरण आयोगापर्यंत गेले नाही. त्याने साध्या कागदावर दुकानदाराच्या नावे अर्ज लिहिला, कलम २(४७) चा उल्लेख केला, बिलाची प्रत जोडली आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाच्या शिक्क्यासह पोच घेतली. तोवर एकही लेखी कागद झालेला नव्हता. खरेदीच्या तेविसाव्या दिवशी लॅपटॉप बदलून मिळाला. त्या दुकानदाराने वितरकाशी केलेले भांडण विद्यार्थ्याला नंतर कळले. त्यासाठी त्या दुकानदारालाही हाती एखादा कागद हवा होता, असे दिसते. तीन दिवसांची बुडालेली मजुरी मात्र कोणीही भरून दिली नाही.

शिफारशी :

१) प्रत्येक दुकानाने बिलाच्या तळाची नकारात्मक ओळ काढून तेथे ‘सदोष वस्तू … दिवसांत परत घेतली जाईल’ अशी निश्चित मुदत छापावी.
२) तक्रार नोंदवही ठेवून ग्राहकास तारखेसह पोच द्यावी. ऑनलाईन विक्रीसाठीच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. हाच दंडक प्रत्यक्ष दुकानांनीही स्वेच्छेने पाळावा.
३) शक्य असेल तेथे वस्तू दुकानात सुरू करून दाखवावी व तशी नोंद बिलावर करावी.
४) पहिल्या काही दिवसांतील बिघाडासाठी वस्तू सर्व्हिस सेंटरला पाठविण्याची जबाबदारी दुकानाने घ्यावी. ग्राहकाच्या फेऱ्या वाचविणे ही ग्रामीण भागातील सर्वांत मोठी सेवा ठरेल.
५) कंपनीच्या प्रमोटरच्या छातीवर त्या कंपनीचे नाव ठळकपणे असावे.
६) महाविद्यालयांनी ग्राहक मंचामार्फत ‘बिल वाचन’ हा उपक्रम घ्यावा. विद्यार्थ्यांनी घरातील एक बिल, एक वॉरंटी कार्ड आणि एक हप्त्याचे पत्रक आणून त्यांतील अटींचा अर्थ लावावा. २४ डिसेंबर या राष्ट्रीय ग्राहक दिनी केवळ भाषण ठेवण्यापेक्षा हा उपक्रम अधिक फलदायी होईल.

समारोप :

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली, तेव्हा ग्राहक संरक्षणाचा स्वतंत्र कायदा देशात नव्हता. आज कायदा आहे, आयोग आहेत, हेल्पलाईन आहे. उणीव आहे ती काउंटरच्या दोन्ही बाजूंस असलेल्या अज्ञानाची. दुकानदारास आपली जबाबदारी नेमकी किती हे ठाऊक नसते, आणि ग्राहकास आपला हक्क कोठे सुरू होतो व कोठे संपतो याची कल्पना नसते. ग्राहकसेवेचे मानक दालनाच्या झगमगाटावरून नव्हे, तर वस्तू बिघडल्यानंतर ग्राहक पुन्हा त्याच दाराशी येतो तेव्हा त्याला मिळणाऱ्या वागणुकीवरून ठरवावे लागेल. काउंटरच्या अलीकडे आणि पलीकडे उभे राहणारे दोघेही आपल्या वर्गातून बाहेर पडत असल्याने हे अज्ञान दूर करण्याची पहिली जबाबदारी आपल्याकडे येते.