एकतिसावा बाइट

सीडीच्या प्रतीचा आवाज साठवायचा, तर डाव्या आणि उजव्या बाजूसाठी सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० वेळा आवाजाचं माप घ्यावं लागतं. तीन तासांची मैफल म्हणजे ९५ कोटी २५ लाख ६० हजार मापं. एकेक माप दोन बाइटचं, म्हणजे मैफल झाली १९० कोटी बाइटची. खिशात मावणाऱ्या एक टीबीच्या डिस्कवर लाख कोटी बाइट बसतात. त्यात असं गाणं १,५७४ तासांचं मावतं. रात्रंदिवस लावून ठेवलं तरी ६५ दिवस पुरतं. १२८ केबीपीएसच्या एमपी३ केल्या, तर तीच डिस्क ७२३ दिवस वाजेल!

एवढा ऐवज विंडोजवरून मॅकवर, तिथून लिनक्सवर न्यायचा म्हटलं की हे आकडेच अंगावर येतात. पण बाइट निमूट जातात. अडतं ते भलतीकडेच.

आधी पेन ड्राइव्ह. तिन्हीकडे चालावा म्हणून तो बहुधा फॅट३२चा असतो, आणि फॅट३२ मध्ये एका फाइलला ४,२९,४९,६७,२९५ बाइटची हद्द आहे. मैफल २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झवर मुद्रित करून न दाबता ठेवली असेल, तर ही हद्द २ तास ४ मिनिटांतच येते. ड्राइव्ह निम्मा रिकामा असला तरी भैरवी बाहेरच. एक्सफॅट केलं की हे दुखणं मिटतं.

मग फोल्डर. रोमन लिपीत ‘भीमसेन’ला सात अक्षरं लागतात. प्रत्येक अक्षर लहान किंवा मोठं, म्हणजे एकच नाव १२८ तऱ्हांनी लिहिता येतं. लिनक्सला हे १२८ वेगळे फोल्डर. विंडोज आणि मॅकला, सेटिंगला हात लावला नसेल तर, एकच. लिनक्सवर सुखाने वेगळ्या नांदणाऱ्या दोन फाइली तिकडे एकाच नावावर हक्क सांगतात, आणि बेसावध कॉपीत एकीवर पाणी सोडावं लागतं.

देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नाहीत, तेव्हा आपण सुटलो? ‘ताऱ्या’तला ‘ऱ’ पाहा. युनिकोडमध्ये तो एका संकेताने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत फाइलच्या नावातला ‘ऱ’ फोडून ठेवायची. लिनक्स दिला तसा ठेवतं. पडद्यावर दोन्ही नावं हुबेहूब, पण लिनक्सच्या लेखी त्यांची ओळखदेखील नाही. दोन्हीकडची गाणी जुळवायला गेलं, की तेच गाणं दुसऱ्यांदा येऊन बसतं.

सगळ्यात चिवट घोळ मात्र गाण्याच्या पोटात आहे. १९९६ साली एमपी३ फाइलीच्या शेपटाला माहितीचे १२८ बाइट जोडण्याची सोय निघाली, आयडी३ नावाची. त्यात गायकाच्या वाट्याला आले ३०. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, म्हणून तेव्हा ते ऐसपैस वाटले असतील. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसकट. आता ‘भीमसेन जोशी’ मोजा. चिन्हं दहा, बाइट तीस. मधल्या मोकळ्या जागेचा एक. एकतीस!

आयडी३च्या दुसऱ्या आवृत्तीत ही अडचण उरली नाही. पण जुन्या टॅगवर विसंबलेल्या एमपी३ संग्रहात ७२३ दिवसांचं गाणं सुखरूप पोचतं, आणि पंडितजींच्या आडनावाची वेलांटी तेवढी वाटेत गळते.