दुबईतून पणजोबांचा माग

दुबईत १९०९ साली टपाल कचेरी उघडली, ती हिंदुस्थान सरकारची. १८७३ पर्यंत तर आखातातला सगळा ब्रिटिश कारभार मुंबई सरकारच्याच हाताखाली चाले. या जुन्या नात्याची दफ्तरे आज अमिरातीतल्या मराठी कुटुंबाला घरबसल्या चाळता येतात.

२०१४ साली सुरू झालेल्या 'कतार डिजिटल लायब्ररी'त हा कारभार पाहणाऱ्या बुशायर रेसिडेन्सीच्या फायली आणि लॉरिमरचे आखाताचे गॅझेटियर मोफत खुले आहे. अबुधाबीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अरेबियन गल्फ डिजिटल आर्काइव्ह'ही तसेच. हिंदी व्यापारी ब्रिटिश प्रजाजन, म्हणून त्यांची येणी आणि तंटे कागदावर आले. नावे मात्र बहुतेक सिंधी आणि कच्छी. मराठी माणूस मोठ्या संख्येने इथे आला तो तेलाचा पैसा आल्यावर. त्यामुळे त्याच्या पणजोबांचा पत्ता महाराष्ट्रातच लागायचा.

तिथे 'आपले अभिलेख'वर अनेक जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवले आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली. त्यानंतर गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदीही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आल्या. त्यातल्या कित्येक मोडी लिपीत आहेत.

कागद मिळाला तरी माणूस मिळतोच असे नाही.

नावांच्या स्पेलिंगचा घोळ निस्तरण्यासाठी अमेरिकेत रॉबर्ट रसेलने १९१८ साली 'साउंडेक्स'चे पेटंट घेतले. यात नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवून पुढच्या व्यंजनांना आकडे देतात. 'के'ने लिहिलेल्या कुलकर्णींचा संकेत के-४२६ होतो. एखाद्या इंग्रज कारकुनाने तेच आडनाव 'सी'ने लिहिले, तर सी-४२६. आकडे तेच, पण पहिले अक्षर बदलल्याने शोधात हे कुलकर्णी निसटतात.

इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर यांनी १९६९ साली मांडलेली नोंदी जुळवण्याची पद्धत अधिक सावध आहे. ती नाव, गाव, वय अशा प्रत्येक जुळणीला वजन देते. जाधव जुळले तर थोडे गुण, दुर्मिळ आडनाव जुळले तर जास्त.

तरीही नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत आडवी येते. महादेवचा गोविंद, गोविंदचा महादेव आणि पुन्हा महादेवचा गोविंद. एकाच गावात, एकाच आडनावाचे दोन 'गोविंद महादेव', मध्ये एक पिढी. त्यांना वेगळे करायला वारसाचा फेरफार उपयोगी पडतो. खातेदार कधी वारला, जमीन कोणाकोणाच्या नावे झाली आणि त्यांचे नाते काय, हे सारे त्या एकाच नोंदीत असते.