फोटोचा प्रिंटर घेण्याआधी हिशेब मांडा

लग्नाच्या हॉलमध्ये पाहुण्यांचा फोटो काढायचा आणि ते जेवून बाहेर पडेपर्यंत छापील प्रत त्यांच्या हाती द्यायची, या कामाला आता तालुक्याच्या गावातही गिऱ्हाईक आहे. त्यामुळे ‘कोणता प्रिंटर घ्यावा?’ हा प्रश्न अनेक स्टुडिओवाल्यांपुढे आणि नव्याने या धंद्यात उतरणाऱ्या तरुणांपुढे येतो. दुकानदाराला विचारावे तर तो त्याच्या फळीवर असलेलेच यंत्र चांगले म्हणून सांगतो. आमचा सल्ला असा की, यंत्राची किंमत विचारण्याआधी आपण महिन्याला किती प्रती छापणार आहोत, हे कागदावर लिहून काढावे.

अल्बमचे काम या हिशेबात धरू नये. लग्नाचा अल्बम मोठ्या कलर लॅबकडूनच करून घेणे स्वस्त पडते. लॅबशी स्पर्धा करण्यासाठी स्टुडिओत यंत्र बसविणे म्हणजे पिठाच्या गिरणीशी घरच्या जात्याने स्पर्धा करणे होय. आपल्या प्रिंटरने तेच काम करावे जे लॅब करू शकत नाही, म्हणजे गिऱ्हाईक समोर उभे असताना फोटो देणे.

या कामासाठी बाजारात मुख्यतः दोन जातींची यंत्रे आहेत. एक शाईचा, म्हणजे इंकजेट प्रिंटर. त्यातही सहा रंगांच्या टाक्या असलेला, जसा एप्सनचा एल-८०५०. दुसरा डाय-सब्लिमेशन, ज्याला धंद्यातले लोक नुसते ‘डाय-सब’ म्हणतात. यात शाई नसते, रिबन असते. रिबनवर पिवळा, किरमिजी, आकाशी आणि शेवटी पारदर्शक असे पट्टे एकामागून एक येतात व हेडच्या उष्णतेने रंग कागदात उतरतो. फोटो कोरडाच बाहेर पडतो. वरच्या पारदर्शक थरामुळे बिर्याणीचे हात लागले तरी पुसून घेता येतो, हे लग्नघरात कमी महत्त्वाचे नाही! फोटो गडद असो की फिका, प्रत्येक प्रतीला चारही पट्टे खर्ची पडतात. त्यामुळे एका प्रतीचा खर्च ठरलेला असतो. शाईच्या यंत्रात तो फोटोप्रमाणे बदलतो.

आता वेग पाहा. कॅननचा सेल्फी सीपी-१५०० हा लहान डाय-सब एका पोस्टकार्ड आकाराच्या फोटोस सुमारे ४१ सेकंद घेतो आणि त्याच्या ट्रेमध्ये १८ कागद मावतात. डीएनपी कंपनीचा डीएस-आरएक्स१एचएस हा ४ बाय ६ चा फोटो सुमारे साडेबारा सेकंदांत देतो आणि त्याच्या एका रोलमध्ये अशा ७०० प्रती निघतात. वलीम्यात २०० फोटो छापायचे तर पहिल्यास सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागेल, शिवाय दर १८ प्रतींनंतर कागद भरावा लागेल; दुसरा पाऊण तासाच्या आत मोकळा होईल. सेल्फी वाईट आहे असे नाही. वाढदिवस, अकीका अशा घरगुती कार्यक्रमांस तो पुरेसा आहे. मात्र हजार पाहुण्यांच्या हॉलमध्ये तो घेऊन जाऊ नये.

मोठे यंत्र परवडते का, हे असे तपासावे. हिशेब समजावा म्हणून आम्ही काही आकडे धरतो. आपापले भाव घालून पाहावे. समजा यंत्र ७०,००० रुपयांस पडले, एका प्रतीस रोल व फोल्डर मिळून १२ रुपये लागले आणि प्रत ३० रुपयांस गेली. प्रतीमागे १८ रुपये सुटतात. यंत्राची किंमत निघण्यास जवळजवळ ३,९०० प्रती विकाव्या लागतील. महिन्याला २५० प्रती जात असतील तर सोळा महिन्यांत पैसे वसूल. महिन्याला ६० च जात असतील तर पाच वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि तोवर हेड बदलायची वेळ आली तर तो खर्च निराळाच. विजेचे बिल आणि मदतनिसाची मजुरी तर यात धरलेलीच नाही. असा हिशेब ज्यांचा येतो त्यांनी दुसऱ्या फोटोग्राफरशी भागीदारी करावी. मात्र एकाच तारखेला दोघांकडे लग्न आले तर यंत्र कोण नेणार, हे आधीच लिहून ठेवावे. भागीदारी पैशावरून जितकी मोडते तितकीच तारखेवरून मोडते.

ज्यांचे काम मुख्यतः स्टुडिओतले आहे त्यांना शाईचा प्रिंटर बरा. ४ बाय ६ च्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात. पासपोर्टचे काम मात्र घटले आहे, कारण पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचा फोटो तेथेच काढतात; चार वर्षांखालील मुलांचा तेवढा न्यावा लागतो. शाळेचे व नोकरीचे अर्ज यांवर भिस्त ठेवावी. शाईच्या यंत्राचा शत्रू म्हणजे सुट्टी. पावसाळ्यात काम नसले तरी आठवड्यातून एकदा तरी रंगीत प्रत काढावी, नाहीतर नोझल तुंबतात. सुटी स्वस्त शाई वापरली तर फोटो लवकर उडतो आणि बदनामी स्टुडिओची होते.

डाय-सबचा शत्रू धूळ. मंडपात यंत्र उघडे ठेवले की रिबनवर कण बसतो आणि चेहऱ्यावर पांढरा ठिपका येतो. रोल बदलताना पंखा बंद करावा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. डाय-सबच्या वापरलेल्या रिबनवर छापलेल्या प्रत्येक फोटोची उलटी छाप राहते. उजेडासमोर धरली की चेहरे ओळखू येतात. महिलांच्या दालनात काढलेले फोटो घरच्यांनी विश्वासाने सोपविलेले असतात. ती रिबन तशीच कचऱ्यात टाकणे म्हणजे ते फोटो रस्त्यावर टाकण्यासारखे आहे. रिकामी रिबन स्वतःच्या ताब्यात घ्यावी, कात्रीने तिचे बारीक तुकडे करावेत, मगच टाकावी. लग्न ठरविताना हे यजमानांना सांगितले तर त्यांचा भरवसा वाढतो, असा या धंद्यातील जाणत्यांचा अभिप्राय आहे.

एका कंपनीचा रोल दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात चालत नाही. म्हणून यंत्र घेण्याआधी रोल कोठे मिळतो ते पाहावे. मुंबईत फोर्टच्या बोरा बझार भागात चौकशी करता येते, पण आपल्या गावी तो किती दिवसांत पोहोचतो, हा खरा प्रश्न. लग्नसराईत एक रोल नेहमी शिल्लक असावा. जुने यंत्र घेत असाल तर त्या मॉडेलचा रोल अजून बनतो का, हे आधी विचारावे आणि आतापर्यंत किती प्रती निघाल्या तो आतला आकडा विकणाऱ्याकडून काँप्युटरवर काढून घ्यावा. नव्या यंत्राची जीएसटीची पक्की पावती घ्यावी. नोंदणी असलेल्यांना त्यावर कराची वजावट मिळते आणि नसलेल्यांनाही वॉरंटीसाठी तीच दाखवावी लागते.